केना मरत का नाही: तणनाशकांच्या तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

२८ मे

मागच्या खरिपात आमच्या शेतकरी मंडळातल्या बहुतेकांची एकच ओरड होती: सोयाबीनमधलं केना हे तण मरत नाही. आजच्या बैठकीत पुन्हा तोच विषय. प्रत्येक जण म्हणतो, "औषध बदलून पाह्यलं ना भाऊ." काय बदललं ते मात्र कुणालाच नेमकं सांगता येईना. हिरव्या झाकणाचं सोडून निळ्या झाकणाचं आणलं, एवढंच.

म्हणून या हंगामाचं काम ठरलं. वाशिम जिल्ह्यात आमच्या भागातल्या दुकानांत मिळणाऱ्या तणनाशकांचा एक तक्ता करायचा. रकाने चार: डब्यावरचं नाव, आतला घटक, त्या घटकाचा गट क्रमांक, कोणत्या तणावर चालतो. सगळं एका कागदावर, आणि काउंटरच्या अलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

गट क्रमांक म्हणजे औषध तणाला नेमकं कुठे मारतं त्याचा आकडा. तो आपल्याला शोधून काढायचा नाही. एचआरएसी नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे, तणनाशक कंपन्यांनीच चालवलेली. आधी त्यांची इंग्रजी अक्षरं होती, २०२० पासून जगभर आकडे केले. काही घटक आणि त्यांचे आकडे असे: इमॅझेथापायर २, क्विझालोफॉप १, पेंडीमिथॅलिन ३, ग्लायफोसेट ९, फोमेसाफेन १४. ऑस्ट्रेलियात हा गट डब्यावर छापावाच लागतो. मी आजवर जमवलेल्या डब्यांपैकी एकावरही तो दिसला नाही.

३ जून

बांधावरचे, विहिरीजवळचे रिकामे डबे पोत्यात भरून आणले. हातमोजे घालून, तोंड बांधून लेबलं वाचत बसलो. मोठ्या अक्षरात नाव आणि चित्र. घटकाचं नाव कडेला, बारीक. सोबतच्या घडीच्या पत्रकात मराठी असते, पण ती वाचायला चष्मा पुरत नाही, भिंग लागतं. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थही बहुतेकांना उलटा माहीत आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे माणसाला ते किती विषारी आहे त्याचं माप. मंडळातले दोघे-तिघे "लाल म्हणजे कडक औषध, तण लवकर मरते" असं समजून होते.

नावांप्रमाणे लावलेले डबे घटकांप्रमाणे लावले, तर ढिगांची संख्या एकदम कमी झाली. गट क्रमांकाप्रमाणे लावले तर आणखी कमी. सोयाबीनच्या डब्यांत सर्वांत मोठा ढीग २ चा. इमॅझेथापायर २, इमॅझेथापायर अधिक इमॅझामॉक्सचं मिश्रण २ आणि २, क्लोरिम्युरॉन २, उगवणीपूर्व मारायचं डायक्लोसुलाम तेही २.

मग इतर पिकांचे डबे घेतले. कपाशीतलं पायरिथायोबॅक: २. गव्हातलं मेटसल्फ्युरॉन आणि सल्फोसल्फ्युरॉन: २. उसात लव्हाळ्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन: २. भातातलं बिसपायरिबॅक: २. म्हणजे एखाद्याने यंदा सोयाबीन, पुढे गहू, पुढच्या वर्षी कपाशी अशी शहाणपणाची फेरपालट केली, प्रत्येक पिकाला वेगळ्या नावाचं औषध आणलं, तरी वावरातल्या तणाच्या दृष्टीने तेच ते औषध पुन्हा पुन्हा. पीक बदललं, डबा बदलला, मार तोच.

हा गट असा: रोपाला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारं एक एन्झाइम आहे, त्याला ही औषधं चिकटतात आणि बंद पाडतात. त्या एन्झाइमच्या जनुकात एका जागी बदल झाला की औषध चिकटत नाही, आणि रोपाचं फारसं काही बिघडतही नाही. जगात प्रतिकारक झालेल्या तणांच्या जाती सर्वांत जास्त याच गटात नोंदल्या गेल्या आहेत. आपण ज्या ढिगावर बसलोय तो हा.

९ जून

दुकानात दुपारभर बसलो. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची गर्दी, पण तणनाशकाचं बुकिंग आत्ताच सुरू. दुकानदार ओळखीचे आहेत, माणूस वाईट नाही. त्यांची बाजू त्यांनी मोकळेपणाने सांगितली. अमुक पेट्या उचलल्या तर अमुक टक्के, त्यावर गेलं तर फ्रीज, त्याच्यावर परदेशातली सहल. माल हंगामाआधी घ्यावा लागतो, उरला तर पैसे अडकतात. शेतकऱ्याला उधारीवर द्यायचा तर तो दुकानात जे आहे तेच नेणार. "तुम्ही म्हणता गट पाहून द्या. मी रॅक पाहून देतो भाऊ."

कंपनीचा मुलगा आला होता, कृषी पदवीधर, हंगामापुरता नेमलेला. त्याला गट क्रमांक माहीत होते. "कॉलेजमध्ये होतं आम्हाला. इथे कोणी विचारत नाही." विचारलं, तण नाही मेलं तर तुम्ही काय सांगता? तो हसून म्हणाला, "मात्रा वाढवा, नाहीतर आमचं नवीन आलंय ते घ्या."

इथेच मला या सगळ्याची गोम दिसते. तण का वाचलं, याची कारणं वेगवेगळी असतात: उशीर झाला, मात्रा कमी पडली, औषधच त्या तणाचं नव्हतं, किंवा तण खरंच प्रतिकारक झालंय. पण साखळीतल्या कुणालाच ते शोधून काढण्याची गरज नाही, कारण चारही कारणांवर दुकानातला इलाज एकच, आणखी एक डबा. तक्त्यात त्यामुळे पाचवा रकाना घालतोय: तण किती पानांचं असताना मारायचं.

१७ जून

पत्रकं, भिंतींवरच्या रंगवलेल्या जाहिराती, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ असं जमेल तितकं गोळा केलं. नावांत शस्त्रं, वाघ, वीज आणि वादळं. चित्रात स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला शेतकरी, हात कमरेवर. हातमोजे घातलेला एकही नाही. तण किती उंचीचं असताना मारलं ते कुठेच नाही. 'आधी' च्या फोटोत गुडघाभर गवत, 'नंतर' च्या फोटोत काळी माती. वास्तविक सोयाबीनची उगवणीपश्चात औषधं तण दोन ते चार पानांवर असताना मारायची असतात. गुडघाभर तणाचा फोटो दाखवणारी जाहिरात उशिरा मारायलाच शिकवते.

'डबल ॲक्शन' हा दुसरा शब्द. काही मिश्रणांत तो खराच आहे, दोन वेगळे गट असतात. पण प्रोपाक्विझाफॉप अधिक इमॅझेथापायर घ्या: १ अधिक २. गट १ फक्त गवतवर्गीय तणावर चालतो. केना दिसायला गवतासारखा वाटला तरी गवतकुळातला नाही, त्याला हा १ लागतच नाही. म्हणजे केन्यासाठी हे मिश्रण सिंगलच आहे. दोन औषधं एकमेकांची पाठराखण करतात ती दोन्ही त्याच तणाला मारत असतील तरच. हे वाक्य तक्त्याखाली ठळक टाकायचं.

जाहिरातीची ही तऱ्हा फक्त आपल्याकडची नाही. ग्लायफोसेट मिठापेक्षाही निर्धोक असल्याच्या धर्तीवरच्या जाहिराती ते विकणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीने अमेरिकेत केल्या होत्या. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी तडजोड करून त्या तिथे थांबवाव्या लागल्या.

२७ जून

पाऊस चांगला झाला, पेरण्या आटोपत आल्या. कुंड्यांची चाचणी मांडली. तक्रार असलेल्या वावरातली केन्याची रोपं एका रांगेत, आणि जिथे कधीच फवारणी झाली नाही अशा देवळामागच्या पडीक जागेतली दुसऱ्या रांगेत. दोन्हीकडे काही कोवळी, काही मोठी. प्रतिकारकता असेल तर वावरातली वाचतील आणि देवळामागची मरतील. दोन्ही सारखीच वागली तर दोष दुसरीकडे.

उपटताना केन्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहवत नाही. वर निळं फूल, बी धरतं ते वेगळं; शिवाय जमिनीखाली पांढुरक्या फांद्यांवर न उमलणारी फुलं, त्यांना तिथेच बी. डवऱ्याने, म्हणजे कोळप्याने, तुकडे झाले आणि माती ओली असली की प्रत्येक पेर पुन्हा मूळ धरतं. आमच्या घरी अजून याच्या पानांची भजी होतात, त्यामुळे आईला या प्रकल्पाचं काही फारसं पटलेलं नाही.

१२ जुलै

शेजारच्या काकांच्या वावरात फवारणी पाहायला गेलो. बॅटरीचा १६ लिटरचा पंप. काकांनी बाटलीच्या झाकणाने मोजून औषध टाकलं.

"किती टाकता काका?"

"पंपाले चाळीस."

"आणि एकराले किती पंप?"

"होतात सहा. बॅटरीचा आहे ना, भराभर होते."

इमॅझेथापायर १० टक्केची शिफारस हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. सहा पंपांना चाळीसप्रमाणे झाले २४०. शिफारशीच्या साठ टक्के. पाणीही एकरी २०० लिटरच्या जागी शंभराच्या आसपास. नोझल कीटकनाशकाचं, गोल फवारा देणारं. तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा लागतो. पंपात सोबत एक कीडनाशक आणि १९:१९:१९ खतही होतं, "एकाच फेरीत काम होऊन जाते" म्हणून. आणि केना? वीतभर. पावसाने चार दिवस वाफसा दिला नाही, मग मजूर मिळाला नाही, आणि काकांच्या हातात काहीच नव्हतं.

'पंपाले चाळीस' हा हिशेब दुकानातून येतो. चुकीचा आहे असंही नाही: एकरी दहा पंप केले तर बरोबर ४००. पण दहा पंप कोण करतं हे दुकानात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

कमी मात्रेचं नुकसान दोनदा होतं. यंदा तण वाचतं ते एक. दुसरं असं की थोडं सोसू शकणारी रोपं टिकतात, त्यांचं बी पडतं, त्यांची एकमेकांशी सरमिसळ होते. ऑस्ट्रेलियात रायगवत या तणावर केलेल्या प्रयोगांत कमी मात्रा देत गेल्यावर मोजक्या पिढ्यांतच पुरी मात्रा पचवणारं गवत तयार झालं होतं.

तक्त्यावर मात्रा फक्त एकरी लिहायची. पंपाचा हिशेब शेजारी कोरा: 'माझे पंप एकरी ___'.

२० जुलै

कुंड्यांना पुरी मात्रा दिली त्याला आठवडा झाला. बघणाऱ्याला वाटेल काहीच झालेलं नाही. रोपं हिरवीच, फक्त वाढ थांबली आहे, शेंड्याची नवी पानं फिकट. गट २ असाच सावकाश मारतो, दोन-तीन आठवडे घेतो. काकांनी पाचव्या दिवशी दुकानात जाऊन दुसरं औषध आणलंय. तेही गट २ चं. आता त्यांना पहिलं लागू पडलं की दुसरं, हे कधीच कळणार नाही.

२ ऑगस्ट

कुंड्यांचा निकाल. कोवळी रोपं दोन्ही रांगांतली गेली, वावरातलीही आणि देवळामागचीही. मोठी रोपं दोन्ही रांगांत पिवळी पडली आणि पेरांतून पुन्हा फुटली. ज्या कुंड्यांना नुसतं क्विझालोफॉप दिलं तिथला केना तजेलदार आहे, जसा असायला हवा तसा.

म्हणजे आमच्या वावरातला केना निदान यंदा तरी प्रतिकारक दिसत नाही. तो जात्याच चिवट आहे, आणि त्याला उशिरा आणि अर्धवट मारलं जातंय. बैठकीत सांगितलं तेव्हा काहींचा विरस झाला. 'औषधच खोटं' हे जास्त सोयीचं होतं. घरच्या कुंड्यांवरून ठाम विधान करू नये हेही सांगितलं.

याच केन्याने अमेरिकेत काय केलं ते वाचून दाखवलं. मूळ आशिया-आफ्रिकेतलं हे तण तिकडे १९८३ पासून घातक तणांच्या सरकारी यादीत होतं, पण जॉर्जिया राज्यातल्या कपाशीत फार मोजलं जात नव्हतं. मग ग्लायफोसेट सोसणारी कपाशी आली. शेतकऱ्यांनी उगवणीपूर्व औषधं सोडली, नांगरट कमी केली, सगळी भिस्त ग्लायफोसेटवर. बाकी तणं मेली आणि ग्लायफोसेट मुळातच सोसणाऱ्या केन्याला मोकळं रान मिळालं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो तिथल्या कपाशीतल्या सर्वांत त्रासदायक तणांत जाऊन बसला. शेवटी मेटोलाक्लोरसारख्या जमिनीत टिकणाऱ्या उगवणीपूर्व औषधांकडे परत यावं लागलं.

त्याच जॉर्जियात २००५ च्या सुमारास पामर अमरँथ, आपल्या माठाचा चुलत भाऊ, ग्लायफोसेटला दाद देईनासा झाला. त्याने केलं काय, तर ज्या एन्झाइमवर औषध बसतं त्याच्या जनुकाच्या प्रती वाढवल्या. काही रोपांत शंभराच्या वर. औषध किती एन्झाइम अडवणार? एका मादी झाडाला काही लाख बी. मोठमोठी यंत्रं असलेल्या शेतकऱ्यांनी मजूर लावून कपाशी निंदली. १९९७ मध्ये मोन्सॅन्टोच्याच शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की ग्लायफोसेटला प्रतिकारकता येण्याची शक्यता कमी. ऑस्ट्रेलियातल्या रायगवतात ती त्याच्या आदल्या वर्षीच सापडली होती. २०१० मध्ये तर या कंपनीला स्पर्धक कंपन्यांची औषधंही सोबत मारा म्हणून शेतकऱ्यांना सवलत द्यावी लागली.

६ ऑगस्ट

संततधार. काही काम नाही. तक्त्याचा फॉन्ट ठरवला.

१६ ऑगस्ट

केन्याचं ठीक, पण एक गोष्ट खटकते. एका सदस्याच्या वावरात सावा या गवताचा पट्टा उभा आहे. क्विझालोफॉप वेळेवर मारलं, मात्रा पुरी, नोझल बरोबर; हा माणूस वही ठेवतो, म्हणून विश्वास ठेवतो. त्या पट्ट्यात मेलेला सावा आणि जिवंत सावा एकमेकाला लागून आहेत. फवारणी चुकली असती तर सरळ ओळ सुटली असती. एकाच जागी त्याच जातीचं एक रोप मेलं आणि शेजारचं टवटवीत, हे प्रतिकारकतेचं ओळखीचं लक्षण. गेली बरीच वर्षं इथे गवतावर गट १ च चाललाय.

बाकीचं सगळं बी धरण्याआधी उपटून टाकायला सांगितलं. थोडी झाडं जाळीत राखली, त्यांचं बी कागदी पिशवीत घेऊ. जबलपूरला तण संशोधन संचालनालय आहे, कृषी विज्ञान केंद्रामार्फत त्यांना विचारायचं ठरलं.

बैठकीत हरियाणाचा किस्सा सांगितला. गव्हात तिथे मंडूसी नावाचं तण येतं, कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखं. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून त्यावर तणनाशक आयसोप्रोट्युरॉन एके आयसोप्रोट्युरॉन, आणि शेतात वर्षानुवर्षं भात-गहू, भात-गहू. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंडूसीने मरणं सोडलं. काही शेतकऱ्यांनी उभा गहू हिरवाच कापून जनावरांना घातला. १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्झाप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली, सुटका झाल्यासारखं वाटलं. पुढे त्यांनाही मंडूसी पुरून उरली. तिने आयसोप्रोट्युरॉन पचवायला, म्हणजे रोपाच्या आत मोडून टाकायला शिकून घेतलं होतं. अशी पचवणारी तणं जास्त धोक्याची, कारण कधी न पाहिलेलं औषधही त्यांना पचू शकतं. तिथे उपयोगी पडलं ते औषधाइतकंच न नांगरता पेरणी करणं: माती हलली नाही, मंडूसी कमी उगवली.

५ सप्टेंबर

तक्त्यात ग्लायफोसेट घ्यायचं की नाही यावर बैठक तापली. कायद्याने ते चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेसाठीच आहे. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तर ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनी फवारायचं असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात बांधावर, कपाशीच्या दोन ओळींत नोझलला हुड (आडोसा) लावून, आणि 'चोर बीटी' वर सरळ वरून फवारलं जातं. तणनाशक सोसणाऱ्या त्या कपाशीला परवानगी नाही, तरी पाकिटं मिळतात. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून आंदोलन केलं होतं, त्याला आमच्यातले काही जण गेले होते. त्यांचं म्हणणं ठाम: निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत, आणि तुम्ही आम्हाला अमेरिकेच्या गोष्टी सांगता.

निंदणाच्या टोळीतली एक मावशी बैठकीला होती. ती म्हणाली, "बाया मिळत नाहीत असं नाही. चार वर्सं औषध मारलं, टोळी मोडली, बाया कंपनीत गेल्या. आता एकदम बोलावल्यावर कुठून येतील?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मजुरीचा प्रश्न खोटा नाही, आणि तणनाशक सोडा असं सांगायला हा प्रकल्प नाहीच.

ठरलं असं: ग्लायफोसेटची ओळ ठेवायची, गट ९, आणि पुढे 'उभ्या पिकात मान्यता नाही' असं लिहायचं. चोर बीटीवर वर्षातून दोन-तीनदा नुसतं ९ मारलं तर जॉर्जियाची वाट धरली जाते, हे तोंडी सांगायचं.

२० सप्टेंबर

छपाई झाली. एका दुकानदाराने काउंटरच्या मागेच लावला. म्हणाला, निदान वाद माझ्याशी न घालता कागदाशी घालतील. दुसऱ्याने घेतला आणि कॅलेंडरांच्या मागे सरकवला. एका कंपनीच्या प्रतिनिधीने डब्यांची नावं काढून फक्त घटक ठेवा अशी विनंती केली. एकाच कंपनीची दोन 'वेगळी' औषधं एकाच ओळीत, एकाच आकड्यापुढे दिसतात ते त्याला बोचलं. नावं काढली तर तक्ताच निरर्थक होतो. ठेवली.

काका तक्त्यापुढे बराच वेळ उभे होते. खिशातून दुकानाची पावती काढून दोन्ही नावं शोधली. "दोन्ही दोनच?" "हो काका." "मग मी पैसे कायचे देल्ले?"

८ ऑक्टोबर

सोयाबीनची सोंगणी चालू. केना खालून हिरवा, कापणी यंत्रात गुंडाळला जातोय, दाण्यात ओल येतेय. साव्याचं बी वाळवून पिशवीत ठेवलं, वर वावर आणि तारीख लिहिली. उन्हाळा ओलांडल्याशिवाय नीट उगवणार नाही, म्हणून त्याची चाचणी पुढच्या जूनमध्ये.

रब्बीच्या तक्त्याचं काम सुरू. गव्हाच्या रुंद पानाच्या तणासाठी मेटसल्फ्युरॉन गट २, टू-फोर-डी गट ४. खरिपात ज्यांनी २ मारलं त्यांना ४ सुचवावं हे सरळ दिसतं, पण टू-फोर-डीचा वारा शेजारच्या उभ्या कपाशीला लागला तर पानं आखडून जातात, आणि आमच्याकडे फरदड (वेचणीनंतर तीच झाडं ठेवून पुन्हा पीक) घेणाऱ्यांची कपाशी गहू पेरल्यावरही उभी असते. त्यामुळे आधी वावराचा नकाशा: गव्हाला लागून कपाशी कुणाची, आणि ती कधी निघणार. सदस्यांकडून पावत्या मागवल्या आहेत. जिथे पावती नाही तिथे रिकामा डबा आणा म्हणून सांगितलंय.